कडेवरचा प्रेक्षक



वस्तुसंग्रहालय म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे नाणी, ताम्रपट, तलवारी आणि हातपाय तुटलेल्या मूर्ती उभ्या राहतात. आज मी वस्तूंविषयी थोडे आणि एका प्रेक्षकाविषयी फार बोलणार आहे. या प्रेक्षकाला वाचता येत नाही. उभे केले तर तो बसतो, बसवला तर रांगू लागतो, आणि हाती लागेल ते आधी तोंडात घालून पाहतो. त्याला तिकीट पडत नाही, म्हणून दारातल्या वहीत त्याची नोंदही होत नाही. हा प्रेक्षक म्हणजे तीन वर्षांच्या आतले मूल. तो कधी एकटा येत नाही. कोणाच्या तरी कडेवर बसून येतो. तेव्हा हिशेब नीट करायचा तर हे प्रेक्षक दोन आहेत, एक कडेवरचा आणि दुसरा त्याला कडेवर घेणारा. या दोघांसाठी संग्रहालयातली जागा कशी आखावी, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय मला पुस्तकात भेटला नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही घरची मंडळी दूरच्या एका शहरात संग्रहालय पाहायला गेलो होतो. नातू सात महिन्यांचा होता. दुसऱ्याच दालनात त्याला भूक लागली. सूनबाईने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. बसण्यासारखी जागा दिसेना. शेवटी ती जिन्याच्या पायरीवर बसली. पहारेकऱ्याने तिला उठवले. त्याचाही दोष म्हणता येणार नाही. पायरी अडवू द्यायची नाही असा त्याला हुकूम होता. ती बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसली, मूल तिथेच झोपी गेले, आणि आम्ही तासाभराने बाहेर आलो तेव्हा तिने विचारले, "काय काय पाहिलंत, बाबा?" मी सांगू लागलो. सांगता सांगता मनात आले की, तिकीट तिचेही काढले होते.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा मुलाला संग्रहालयात कळते तरी काय? शंका रास्त आहे. नवजात बालकाला वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे तेवढे बरे दिसते. छातीशी धरलेल्या बाळापासून आईच्या चेहऱ्याचे अंतर साधारण तेवढेच असते. ठळक काळे-पांढरे त्याला आधी उमगते. रंगांची ओळख पुढे चार-पाच महिन्यांत पक्की होते. सात ते दहा महिन्यांच्या सुमारास ते रांगते, वर्षाच्या आसपास पाऊल टाकते. तेव्हा तीन महिन्यांच्या बाळाला वाकाटकांचा इतिहास सांगावा असे मी म्हणत नाही. परंतु दुसऱ्या वर्षात शिरलेले मूल दिवसभर काय करीत असते ते पाहा. वस्तू उचलते, आपटते, उलटी करते, एका भांड्यात घालते आणि दुसऱ्यात ओतते. वस्तूकडे पाहून तिचा स्वभाव ओळखणे हेच तर संग्रहालयाचे काम! हे मूल ते काम आपल्याहून अधिक मन लावून करते.

आणि मुलाला काही कळत नाही असे क्षणभर धरले, तरी त्याच्या आईला कळते. दोन मुले पाठोपाठ झाली म्हणजे घरातल्या बाईची पाच-सहा वर्षे मुले सांभाळण्यात जातात. त्या वर्षांत सभा, वाचनालय, नाटक यांची दारे तिला कोणी बंद केलेली नसतात. आत बसायला जागा नसते, इतकेच. परिणाम मात्र एकच होतो.

या बाबतीत जगाने काय केले ते थोडक्यात पाहू. १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मुलांसाठी पहिले स्वतंत्र संग्रहालय निघाले. १९१३ साली बॉस्टनमध्ये दुसरे निघाले. पण ती शाळेत जाणाऱ्या मुलांची होती. थोरला भाऊ वस्तू हाताळीत असे, आणि धाकटे भावंड आईच्या कडेवर कंटाळून रडत असे. अखेर १९७८ साली बॉस्टनच्या त्या संग्रहालयात अगदी लहान मुले व त्यांचे पालक यांच्यासाठी 'प्लेस्पेस' नावाची वेगळी जागा करण्यात आली. म्हणजे मुलांच्या संग्रहालयालाही कडेवरच्या मुलाची आठवण व्हायला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली! आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ साली मुलांचे संग्रहालय सुरू झाले. आपल्या नागपुरात १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोकांनी त्याचे नाव 'अजब बंगला' ठेवले. हे नाव कोणा पंडिताने ठेवलेले नव्हे. तोंडाचा 'आ' करून पाहणाऱ्यांनी ठेवलेले आहे, आणि लहान मूल सगळे जगच तसे पाहत असते.

परंतु या विषयातले आपले खरे धन संग्रहालयांत नाही, बालवाड्यांत आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले बालगृह उघडले, तेव्हा टेबल-खुर्च्या मुलांच्या मापाने करून घेतल्या. जग मुलाच्या उंचीवर आणून ठेवणे ही त्या पद्धतीची पहिली पायरी. तो विचार गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी उचलला आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो महाराष्ट्रात रुजवला. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. विकतची साधने परवडत नव्हती, म्हणून गारगोट्या, बिया, शिंपले, पाने यांची साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव 'अंगणवाडी' हा शब्द ऐकू येतो, त्याचे मूळ तिथे आहे.

त्या कामातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या मर्माला हात घालणारी आहे. आदिवासी पाड्यांतल्या सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नसत. कारण आईबाप कामाला जात आणि धाकटे भावंड या मुलींच्या कडेवर असे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एका छपराखाली आणली गेली. त्या प्रयोगाला 'विकासवाडी' असे नाव होते. धाकट्याची सोय झाली तेव्हा थोरलीला अक्षर भेटले. हा धडा आपण विसरता कामा नये. मूल सांभाळणारी व्यक्ती म्हणजे प्रत्येक वेळी आईच असते असे नाही. आजी असते, आजोबा असतात, मावशी असते, आणि पुष्कळदा स्वतःच लहान असलेली ताई असते. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला झोळी बांधलेली आपण पाहतो. ती झोळी हलवणारा हात कोणाचा असतो तेही आपल्याला ठाऊक आहे. जागा आखायची तर या सगळ्या हातांसाठी आखली पाहिजे.

आता प्रत्यक्ष जागेकडे वळू. पहिला प्रश्न उंचीचा. दोन वर्षांचे मूल साधारण पंच्याऐंशी सेंटिमीटर उंच असते. म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरवर आले. मोठ्या माणसांसाठी चित्र टांगताना त्याचा मध्य दीड मीटरच्या आसपास धरतात. त्यामुळे चालते मूल संग्रहालयात येते तेव्हा त्याला कपाटांचे पाय आणि माणसांचे गुडघे एवढेच दिसते. रांगत्या मुलाचे डोळे त्याहूनही खाली, वीतभर उंचीवर असतात. आणि तेच मूल कडेवर घेतले की एकदम सव्वा मीटरवर जाते. म्हणजे या एका प्रेक्षकाला तीन उंच्या आहेत, आणि अर्ध्या तासात तो तिन्हींवरून फिरून येतो. यावर तोड सोपी आहे. कपाटाची काच गुडघ्याच्या खालपासून सुरू व्हावी. भिंतीच्या पायथ्याशी एक आडवा, न फुटणारा आरसा असावा. आणि खांद्याच्या उंचीवर कडेवरच्या मुलासाठी काही तरी हलणारे, लोंबणारे असावे. चिमण्यांचा पाळणा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टांगला जातो, तो याच हिशेबाने.

दुसरा प्रश्न तोंडाचा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देण्याच्या वस्तूला एक कसोटी आहे. सव्वातीन सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून जी वस्तू आत जाऊ शकते ती त्याच्या घशातही जाऊ शकते, म्हणून ती वर्ज्य. सुटणारी टिकली, निघणारे चाक, उडणारा रंग, पत्र्याची धार, लांब दोरी, ही सगळी याच यादीत. मग खऱ्या जुन्या वस्तूचे काय करायचे? तिला काचेत ठेवावे आणि तिच्याच खाली, हाताच्या अंतरावर, गावच्या सुताराने केलेली तिची जोडीदार ठेवावी. वर आजीच्या काळची काठवट, खाली तिच्यासारखीच नवी. मूल खालची उचलते, आपटते, मग वर पाहते. ही वर पाहण्याची क्रिया घडली म्हणजे संग्रहालयाचे काम झाले असे समजावे.

वस्तू किती असाव्यात? थोड्या. एका वेळी पाच-सहा पुरेत. लहान मुलाचे लक्ष काही मिनिटे टिकते, पण त्याला तीच वस्तू पुन्हा पुन्हा हवी असते. पन्नास वस्तू मांडल्या की ते एकही पाहत नाही. सूप, दुरडी, रवी, पायली, गाडगे अशा वस्तू महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात. आणि भिंतीवर चित्रपट दाखवण्याच्या मोहात पडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, पहिल्या वर्षात मुलाला पडदा दाखवूच नये, दुसऱ्यातही टाळावा. पडदा आता घरोघरी खिशात आलेला आहे. त्यासाठी तिकीट काढून यायला नको. पायली मात्र पुष्कळ घरांतून गेली.

तिसरा प्रश्न जमिनीचा आणि आवाजाचा. संग्रहालयाची दालने उंच, फरशीची आणि रिकामी असतात. तिथे एक मूल रडले की दहा रडल्यासारखे ऐकू येते. सगळे वळून पाहतात आणि आई ओशाळून बाहेर पडते. मुलाचा आवाज कमी करणे आपल्या हाती नाही. खोलीचा घुमारा कमी करणे आहे. छत थोडे खाली आणावे, भिंतींवर तरटाचे किंवा कापडाचे पडदे सोडावेत, खाली जाड सतरंजी घालावी आणि वर धुता येतील अशा गोधड्या घालाव्यात. चपला दारात काढाव्यात आणि दारातच नळ असावा; ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. रांगणारी आणि पळणारी मुले एकत्र ठेवू नयेत. मध्ये दीड फुटाचा, गोल कडेचा कट्टा घातला की रांगणाऱ्याची बोटे वाचतात आणि मोठ्यांना बसायलाही होते. त्या कट्ट्यावर बसलेल्या बाईला खोलीचा प्रत्येक कोपरा दिसला पाहिजे. नजरेआड कोपरा राहिला की ती उठून उभीच राहते, मग कट्टा बांधल्याचा उपयोग काय?

विदर्भात याला आणखी एक कलम जोडले पाहिजे, ते उन्हाचे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो. तान्ह्या मुलाला घेऊन दुपारी बाराला कोणी बाहेर पडणार नाही. तेव्हा दहा ते पाच या कचेरीच्या वेळा या खोलीला लावू नयेत. सकाळी आठ ते अकरा आणि ऊन उतरल्यावर दोन तास, असे उघडावे. खोली उत्तरेकडची असावी, आणि पिण्याचे पाणी हाताशी असावे.

चौथा प्रश्न पाजण्याचा आणि दुपटे बदलण्याचा. रायगडावरच्या हिरकणीची कथा आपण सगळे जाणतो. दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली. तिच्या नावाने एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष निघाले, ही चांगली गोष्ट झाली. पण संग्रहालयात असा कक्ष करताना तो मागच्या बाजूला, जिन्याखाली, सामानाच्या खोलीशेजारी करू नये. तो दालनातच असावा. अर्ध्या पडद्याआड, पाठ टेकेल आणि हात टेकेल अशी बैठक असावी. पडद्याच्या वरून आईला समोरची मूर्ती दिसावी आणि खेळणारे थोरले मूलही दिसावे. पाजण्याची पंधरावीस मिनिटे ही बहुधा तिला स्वस्थ बसून काही पाहायला मिळणारी एकमेव वेळ असते. त्या वेळी तिच्यासमोर कोरी भिंत कशाला ठेवायची?

इथे एक इशारा देणे प्राप्त आहे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्षाची व्यवस्था करण्यात आली. पुढे २०२३ च्या मुंबईच्या अधिवेशनात तोच प्रश्न आला, आणि कक्ष आहे पण तो धुळीने भरलेला व बाळाला ठेवण्याजोगा नाही, अशी तक्रार त्यांना जाहीरपणे करावी लागली. राज्याच्या विधिमंडळात हे होते, तर इतरांची गोष्ट काय सांगावी? खोली बांधणे एकदाच होते. ती झाडणे रोज होते. गोधड्या धुणारी, खेळणी साबणाने पुसणारी, निघालेले चाक वेळीच उचलणारी एक जबाबदार बाई नेमली नाही, तर अशी खोली नसलेली बरी. पैशाचा अंदाज करताना भिंतींच्या आधी तिचा पगार धरावा.

आता राहिली पाटी. वस्तूखालची पाटी मूल वाचत नाही, हे उघड आहे. ती वाचतो मूल घेऊन आलेला माणूस, आणि त्यालाही एका हाताने मूल धरून एक ओळ वाचण्यापुरतीच उसंत असते. म्हणून पाटीवर एकच वाक्य असावे, आणि तेही मोठ्याने म्हणण्याजोगे. 'धान्य मोजण्याचे माप, लोखंडी' असे लिहिण्याऐवजी 'ही पायली. तुमच्या घरी हिने काय मोजत?' असे लिहावे. मग आजी बोलू लागते. तिच्या बोलण्यातूनच मुलाला शब्द मिळतो, आणि आपल्या घरची वस्तू बोलण्यासारखी आहे हे आजीला कळते. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, फण्या अशा घरगुती वस्तूंचे मोठे संग्रहालय उभे केले आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्याला दिले. तिथे इतिहास न वाचलेली म्हातारी बाईही कपाटापाशी थांबते आणि नातवंडाला बोट करून दाखवते. जाणकार होण्याची ही संधी तिला इतर दालनांत सहसा मिळत नाही.

मौद्यात असे काही होऊ शकेल काय? मला वाटते, होऊ शकेल, आणि त्याला इमारतीची वाट पाहायला नको. वाचनालयाची किंवा अंगणवाडीची एक खोली पुरे. आपल्याजवळ सांगण्यासारखेही आहे. उत्तरेला रामटेकजवळ नगरधन आहे. तिथल्या उत्खननात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिची मुद्रा सापडली. पती निवर्तला, मुले लहान, आणि तिने त्यांच्या वतीने राज्य चालवले. पाजण्याच्या बैठकीसमोर त्या मुद्रेचे एक मोठे चित्र लावा आणि खाली एवढीच ओळ लिहा. मूल मांडीवर घेतलेल्या बाईला ती कोणी समजावून द्यावी लागणार नाही.

आणि मुलांसाठी? त्यांच्यासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली मुले चाकांचा बैल ओढीत घरोघर जातात आणि बोजारा घेऊन येतात. हा आपल्या नागपूरकडचा सण. इतरत्र तो क्वचित दिसतो. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या, दायमाबादला जमिनीतून काशाच्या चार जड वस्तू निघाल्या. बैल जुंपलेला रथ, रेडा, गेंडा आणि हत्ती. रथाला चाके आहेत. विद्वानांच्या मते त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, आणि त्यांतल्या काही मुंबईच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. त्या कशासाठी केल्या यावर वाद आहे. त्यात आपण शिरू नये. पण दायमाबादच्या रथाचे चित्र खाली, पाऊण मीटर उंचीवर लावा आणि त्याच्यासमोर जमिनीवर तान्ह्या पोळ्याचा बैल ठेवा. दोन वर्षांचे मूल चित्राकडे बोट करील आणि 'बैल' म्हणेल. चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे काम त्याला ओळखता आले. याहून जास्त आम्हा मोठ्यांना तरी काय येते?

तेव्हा माझी विनंती साधी आहे. आपल्या माळ्यावर एखादी पायली, काठवट, जुना बैल, पाळण्याची कडी पडलेली असेल. ती मोडीत घालू नका. कोणाची, कोणत्या गावची, कशासाठी वापरत, एवढे एका वहीत लिहून ती वस्तू या खोलीसाठी द्या. सुतारकाम जाणणाऱ्यांनी तिची जोडीदार करून द्यावी. शिवणकाम जाणणाऱ्यांनी गोधडी द्यावी. ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही, त्यांनी आठवड्यातून एक सकाळ झाडू घेऊन यावे.

आज या मंडपात मागच्या बाजूला काही भगिनी कडेवर मूल घेऊन उभ्या आहेत. मूल रडलेच तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून त्या दाराशी उभ्या आहेत, हे मी इथून पाहतो आहे. पुढच्या वसंतात त्यांच्यासाठी पुढे एक सतरंजी घालावी, अशी चालकांना माझी सूचना आहे. मूल रडले तर व्याख्यात्याने दोन मिनिटे थांबावे. आरंभ आपल्याला तिथूनही करता येईल.